शिवेबाहेर नेलेला दगड

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की सगळ्यात आधी स्वतःचाच राग येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, घाटातले अपघात मोजणं तर केव्हाच सोडून दिलं होतं. त्यांतलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. पण दीड हात उंचीच्या एका काळ्या दगडाची ही चौकशी अजून जशीच्या तशी डोक्यात आहे. कागदावर ती दोन ओळींत मिटली. माझ्यापुरती ती मिटली नाही, म्हणून लिहायला बसलो. नावं कुणाचीच घेणार नाही, कारण ही माणसं अजून त्याच रस्त्यांवर राहतात.

लोणावळ्यात, वलवणच्या बाजूला, मुख्य रस्ता सोडून थोडं आत गेलं की एक पडकं चर्च लागतं. घाटात रेल्वेचं काम चालू होतं त्या काळात साहेब लोकांनी ते बांधलं, असं जुनी माणसं सांगत. इंजिनिअर, ओव्हरसियर, त्यांच्या बायकामुलांची रविवारची जागा. साहेब गेले, मग घंटा गेली, मग छपराचं सागवान गेलं. राहिल्या त्या भिंती, एक कमान आणि कमानीत रुजलेला उंबर. गंमत अशी की चर्च पडल्यावरच त्याची खरी चलती सुरू झाली. रिक्षावाला 'पडक्या चर्चपाशी' सोडतो, दूधवाला तिथून वळतो, बंगले भाड्याने देणारे 'चर्चपासून पाच मिनिटं' असं छापतात. आमच्या पंचनाम्यांत तर तो कायमचा पत्ता होता: 'पडक्या चर्चच्या उत्तरेस अंदाजे शंभर पावलांवर.' असे कित्येक पंचनामे मी स्वतः लिहिले आहेत.

चर्चच्या मागे दफनभूमी आहे. पुढच्या अंगाला साहेबांच्या संगमरवरी कबरी, लोखंडी कठडा घातलेल्या. मागे, भिंतीच्या कडेला, इथल्याच मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या कबरी, साध्या काळ्या दगडाच्या. तिकडे शेवाळ फार. कुणाचं नाव वाचायचं तर आधी घासावं लागे, आणि घासायला कुणी जात नसे.

मी लोणावळ्यात दोनदा होतो. पहिल्यांदा नवा फौजदार म्हणून, आणि वीसेक वर्षांनी पुन्हा, निरीक्षक म्हणून. ही गोष्ट दुसऱ्या खेपेची. ऑक्टोबर संपत आला होता. ठाणे अंमलदाराने एका बाईंना माझ्याकडे आत पाठवलं. वय सत्तरीचं, सुती साडी कडक इस्त्रीची, हातात कापडी पिशवी. निवृत्त शिक्षिका. अर्ज स्वतःच्या हाताने लिहून आणला होता आणि अक्षर असं की आमच्या रायटरने तो दोनदा वाचला, एकदा मजकुरासाठी आणि एकदा अक्षरासाठी.

"साहेब, माझ्या आजीच्या कबरीवरचा दगड कुणीतरी नेलाय," बाई म्हणाल्या. "किंमत विचाराल तर काही नाही. पण मी पुढच्या आठवड्यात लोणावळा सोडतेय. नागपूरला मुलीकडे, कायमची. दोन नोव्हेंबरला आम्ही आमच्या गेलेल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. माझी इथली ही शेवटची मेणबत्ती. ती मला दगडापुढे लावायचीय, खड्ड्यापुढे नाही."

"आधी कधी असं काही झालं होतं?"

"दगड नव्हता गेला. पण लिंबं टाकतात, मिरच्या टाकतात. मोबाइल धरून व्हिडिओ काढतात. म्हणे मेमचं भूत. माझी आजी सुईण होती हो, साहेब. तिला मेम कुणी केलं तेच मला कळत नाही."

ते ऐकून मी पेन खाली ठेवलं आणि लगेच पुन्हा उचललं. का, ते पुढे येईल.

दफनभूमीची विटंबना हा दखलपात्र गुन्हा आहे. पण गुन्हा दाखल केला की सापडलेला दगड मुद्देमाल होतो, मुद्देमाल खोलीत पडतो आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय हलत नाही. बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कुणाला शिक्षा नकोय. दगड तेवढा द्या." तेव्हा अर्ज चौकशीवर ठेवला. हातात नऊ दिवस होते.

पहिले तीन दिवस मी वाया घालवले. संशय व्हिडिओवाल्यांवर होता. पुण्याची चार कॉलेजची पोरं त्या आठवड्यात तिथे येऊन गेली होती. त्यांना बोलावलं, समोर बसवलं, आवाज चढवला. पोरं रडकुंडीला आली. त्यांच्या मोबाइलमध्ये दगड नव्हता. खड्डा होता आणि त्यावर एकाचं कापऱ्या आवाजातलं भाषण होतं. म्हणजे ती येण्याआधीच दगड गेला होता. मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

खरी खबर मिळाली ती चर्चच्या कोपऱ्यावर मक्याची कणसं भाजणाऱ्या मावशीकडून. ती तिथे वर्षानुवर्षं बसते, येणारीजाणारी प्रत्येक गाडी तिच्या नजरेखालून जाते आणि विचारल्याशिवाय ती काही बोलत नाही. चांगल्या खबऱ्याला हे दोनच गुण लागतात. आमचे बीट हवालदार आणि मी तिच्याकडे कणसं खात उभे राहिलो.

"टूरिस्टाचं काम न्हाई ते, सायेब," ती कणीस फिरवत म्हणाली. "टूरिस्ट दगूड न्हेईल, पर न्हेताना हळद-कुकू वाहंल व्हय? खड्ड्याशेजारी नारळाची शेंडी पडलीया, बघितली न्हाई तुमी?"

बघितली होती. रोजचा कचरा समजून सोडून दिली होती. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर कणीसवाल्या बाईकडून घटनास्थळ कसं पाहावं ते शिकलो. तिने पुढे एवढंच सांगितलं की, चर्चच्या मागच्या मळेवाल्याची बैलगाडी एका सकाळी उतरणीने न जाता दफनभूमीच्या बाजूने गेली होती, आणि गाडीत गोणपाटाखाली काहीतरी होतं.

मळेवाल्याला ठाण्यात बोलावलं. पन्नाशी उलटलेला, घरची जमीन राखून असलेला सरळ शेतकरी. ठाण्याची पायरी पहिल्यांदाच चढत होता. माझा एक अनुभव आहे. ज्याने काही केलेलं नसतं तो खुर्चीवर बसायच्या आधी 'मला कशाला बोलावलंत' असं विचारतो. ज्याने केलेलं असतं तो आधी पाणी मागतो. त्याने पाणी मागितलं.

मी आवाज चढवला नाही. पोरांच्या वेळची चूक ताजी होती. घरी कोण कोण आहे, भात कसा आहे, असं विचारत राहिलो. सुनेचं नाव निघालं आणि गडी थांबला.

"आठवा म्हयना चाललाय तिला," तो म्हणाला. "आधी दोन येळा पोटातच गेलं. मळ्याची वाट त्या मेमच्या दगडावरनंच जाती, सायेब. पोर घाबरून वाळली निस्ती. जाणत्यानं सांगितलं, दगूड शिवंबाहेर काढा. मी चोरी न्हाई केली. नारळ फोडला, हळद-कुकू वाह्यलं, मान दिला आन् शिवंवर ठिवून आलो."

"ही मेमची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?"

"कुनी म्हंजे? पोलिसांनीच की. माज्या वडलांना ह्याच ठान्यातल्या फौजदारानं सांगितलेलं. दुपारच्या वख्ताला पांढऱ्या झग्यातली मेम त्या दगडापाशी बसती, पोर मांडीवर घिऊन. वडील म्हनायचे, पोलीस कशाला खोटं बोलंल?"

रायटर लिहायचा थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला म्हटलं, "लिही."

तो फौजदार मीच होतो. पहिल्या खेपेला, एका पावसाळ्यात, दफनभूमीच्या त्या मागच्या भिंतीचा तुकडा कोसळून मुंबईहून आलेल्या एकाचा पाय मोडला. लोक तरीही भिंतीखाली बसून दारू पीत. माझ्याकडे बंदोबस्ताला दोन शिपाई, आणि तेही शनिवार-रविवारी धरणावर. पाटी लावली, ती कुणीतरी चुलीत घातली. तेव्हा एका जुन्या हवालदाराच्या बरोबर चहा पिताना मला युक्ती सुचली. माणूस पोलिसाला भीत नसेल तर भुताला भिईल. रात्री तिथे कुणी थांबतच नव्हतं, गर्दी दुपारची, म्हणून भूतही दुपारचं केलं. भिंतीच्या अगदी खाली एक शेवाळलेली कबर होती, लोकांनी तिथून लांब राहावं म्हणून तिच्यावर बोट ठेवलं. मांडीवरचं पोर ही माझीच भर. दूधवाले, मळेवाले, चहावाले, सगळ्यांना गंभीर चेहऱ्याने सांगितलं. महिनाभरात भिंतीखाली कुणी बसेना. वरिष्ठांनी शाबासकी दिली. त्या दगडावर कुणाचं नाव आहे हे वाकून पाहावं, असं मला एकदाही वाटलं नाही.

शिवेवर गेलो तर दगड नव्हता. हळद मात्र होती, आणि जमिनीवर दगडाएवढा दबलेला चौकोन. मग माझ्या ध्यानात आलं. आमच्या गावाकडे जुनी माणसं मरीआईच्या गाड्याची गोष्ट सांगायची. पटकीची साथ आली की देवीचा गाडा सजवायचा, वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो दिसला की घाईघाईने आपल्या शिवेपलीकडे ढकलायचा. साथ अशी गावोगाव पुढे जाते, असा समज. गाडे बंद झाले, रीत मात्र कुठेतरी शिल्लक होती. हळद-कुंकू वाहिलेला दगड आपल्या शिवेवर पाहून पुढच्या गावाने काय केलं असेल, ते सांगायला पोलिसाची गरज नव्हती.

मग हवालदार आणि मी जीप घेऊन निघालो. इतकी सोपी चौकशी मी आयुष्यात केली नाही. कुणी काही लपवलं नाही. उलट दगड आपल्याकडून पुढे गेला हे सांगताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता. पहिल्या गावाच्या पोलीस पाटलाने तो ट्रॅक्टरमध्ये घालून पलीकडच्या ओढ्यापाशी ठेवला होता. तिथल्या एकाने दुधाच्या टेम्पोत चढवून बरंच लांब नेला होता. एका आबांनी तर आम्हालाच विचारलं, "परत हिकडं आनायचा न्हाई ना?"

हसू येत होतं, पण फार वेळ हसता आलं नाही. बेवारस प्रेत दोन ठाण्यांच्या मध्ये सापडलं तर आम्ही आधी टेप काढून हद्द मोजतो. मी स्वतः मोजली आहे, आणि प्रेत तीन पावलांनी शेजारच्या हद्दीत निघाल्यावर मलाही असंच बरं वाटलेलं आहे.

माग तळेगावच्या अंगाला वराळ्यापर्यंत गेला आणि थांबला. तिथे आता सोसायट्या झाल्या आहेत, कामाला आलेली माणसं चहूकडून येऊन राहतात. गावाची शीव कुठून कुठे जाते हे कुणाला विचारणार? ज्याला शीव ठाऊकच नाही तो पलीकडे काय ढकलणार? एका सोसायटीच्या फाटकापाशी लातूरकडचा वॉचमन बसायचा. रस्त्याच्या कडेला बरा दगड दिसला, त्याने तो उचलून आणला, नळाखाली धरून काथ्याने घासला आणि त्यावर पाण्याचा माठ ठेवला.

"चुकलं का काही, साहेब?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही. बरं केलंत." त्याने माठ उचलला. घासल्यामुळे अक्षरं स्वच्छ दिसत होती. मराठीतच. वर नाव, खाली 'सुईण', आणि त्याखाली एक ओळ: 'हिने परक्यांची लेकरे आपली म्हणून हाती घेतली.' मी तिथे, फाटकापाशी, टोपी काढून उभा राहिलो. मला भयंकर लाज वाटली. तिच्या मांडीवर मी जे पोर ठेवलं होतं ते लोकांना घाबरवायला.

तिथल्या ठाण्याला कळवून, पंचांसमक्ष दगड ताब्यात घेतला. दोन तारखेला दोन दिवस उरले होते. काम झालं असं वाटलं, तोच मळेवाला ठाण्यात आला आणि हात जोडून उभा राहिला.

"दगूड आना, सायेब, माजं काय म्हननं न्हाई. पर सून मोकळी हुईपातुर तितं लावू नका. तिला काय झालं तर मी कुनाकडं बघू?"

एकीकडे बाईंची शेवटची मेणबत्ती, दुसरीकडे त्या मुलीचं तिसरं बाळंतपण. कायदा बाईंच्या बाजूचा होता. पण कायद्याने दगड बसवला आणि त्या मुलीने धसका घेतला, तर तो कुणाच्या नावावर? मी बाईंना सगळं सांगितलं. म्हणजे मळेवाल्यापुरतं सगळं. माझ्यापुरतं सांगायचं धैर्य अजून होत नव्हतं. मला वाटलं होतं, त्या चिडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "मुलगी कुठे राहते? मला घेऊन चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मळेवाल्याच्या घरी गेलो. सून भिंतीला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला. मळेवाल्याची म्हातारी आई उंबऱ्यात घेवडा निवडत होती. बाई सुनेजवळ बसल्या आणि साध्या आवाजात सांगू लागल्या. त्यांची आजी रेल्वेच्या दवाखान्यात कामाला होती. पण बोलावणं आलं की कुठल्याही गावाला चालत जायची, पावसात डोक्यावर इरलं घेऊन. सामानाची पिशवी कुणाच्या हाती द्यायची नाही.

उंबऱ्यातल्या आजींचे हात थांबले. "दवाखान्यातली बाई का? ठेंगणी, काळी? पान खायाची?"

"हो," बाई म्हणाल्या. "दात लाल असायचे तिचे."

"माज्या थोरल्याला तिनंच सोडीवला. पायाळू आलतं. समद्यांनी आशा सोडल्याली. दोन दिस हितं बसून व्हती ती, माज्या हाताला धरून. जेवली बी हितंच." मग त्या मुलाकडे वळल्या. "तिचा दगूड व्हता व्हय रं तो? आन् तू शिवंबाहेर टाकला?"

मळेवाला खाली बघत म्हणाला, "पर आये, ती मेम..."

आता गप्प बसलो असतो तर पुन्हा कधीच बोललो नसतो. "मेम नव्हतीच," मी म्हटलं. "ती गोष्ट मी रचलेली. तुमच्या वडिलांना सांगणारा फौजदार मीच. भिंतीखाली कुणी बसू नये म्हणून सांगितली, आणि तो दगड कुणाचा आहे हे पाहिलंसुद्धा नाही."

मळेवाल्याने मान वर केली. आवाज न चढवता म्हणाला, "सायेब, माजी सून तीन वर्सं ती वाट चालली न्हाई. मळ्यात जायला पाऊन कोसाचा वळसा घालती. वझं घिऊन."

सुनेने बाईंना विचारलं, "त्यांच्या हातनं किती पोरं गेली?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. "काही गेली," त्या म्हणाल्या. "तेव्हा ती घरी येऊन रडायची. पण पुढच्या बोलावण्याला जायचीच."

सून भिंतीचा आधार सोडून सरळ बसली. मग म्हणाली, "दगूड लावा. मी येती तितं."

दोन नोव्हेंबरला दुपारी दगड पुन्हा उभा राहिला. सिमेंट मळेवाल्याने कालवलं. बाईंनी मेणबत्ती लावली आणि डोळे मिटून प्रार्थना केली. सून सासऱ्याचा हात धरून हळूहळू आली. आजींनी तिच्याबरोबर विडा पाठवला होता, तो तिने दगडावर ठेवला. बाईंना तेव्हा रडू आवरलं नाही.

निघताना मी त्यांची माफी मागितली. त्या शिक्षिका होत्या, सहज सोडणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, "माफी ठेवा तुमच्याकडेच. मी उद्या जाणार. दर वर्षी दोन तारखेला इथे एक मेणबत्ती लावायची, आणि विचारेल त्याला खरं सांगायचं. खोटं सांगताना अंगावर वर्दी होती ना? मग खरंही वर्दीतच सांगा."

मी अर्जावर शेरा मारला: 'दगड मिळून आला. अर्जदारास परत. तक्रार नाही.' नंतर वर्दी घालून शिवेपलीकडच्या पहिल्या गावाच्या ग्रामसभेत उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर एकजण दुसऱ्याला म्हणाला ते माझ्या कानावर आलं, "भ्या जावं म्हनून बोलत्यात सायेब. वरनं आदेश आसंल." खोटं सांगितलं तेव्हा कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. खऱ्याला मात्र पुरावा लागत होता.

सुनेला महिन्याभराने मुलगी झाली, सुखरूप. हे सांगून मी स्वतःची सुटका करून घेत नाही. मधली तीन वर्षं तिने घातलेला वळसा माझ्या सेवापुस्तकात कुठेच लिहिलेला नाही, आणि तो माझ्याच कामगिरीचा भाग आहे. पोलीस म्हणून मी अनेकांचे जबाब घेतले, पण माझ्या तोंडून निघालेला शब्दही लोक जबाबासारखाच धरतात हे मला फार उशिरा कळलं. नव्या अधिकाऱ्यांशी बोलायला बोलावतात तेव्हा मी ही एवढी एकच गोष्ट सांगतो.

निवृत्तीनंतर तळेगावात राहतो. दोन नोव्हेंबरला मेणबत्ती आणि विडा घेऊन दुपारी तिथे जातो, तासभर कबरीशेजारी बसतो. पर्यटक येतात, विचारतात, "काका, मेमचं भूत इथेच ना?" मी सांगतो, "मेम नव्हती. सुईण होती. वाचा." काही वाचतात. बरेचजण मोबाइल खिशात ठेवून पुढे जातात. सुईणीचा व्हिडिओ कोण बघणार?

मागच्या वर्षी गुडघ्यामुळे पोचायला उशीर झाला. कणीसवाल्या मावशीने लांबूनच मळ्याच्या वाटेकडे बोट दाखवलं. कबरीपाशी गेलो तर दगड पाण्याने धुतलेला होता आणि त्यावर विडा आधीच ठेवलेला होता, ताजा. मी माझा त्याच्या शेजारी ठेवला.